परत येण्याचं कारण

नाना,

तुझ्या दहाव्याला सुरतेत, आपल्या पांडेसऱ्याच्या घरात बसायला जागा उरली नव्हती. मिलमधली माणसं शिफ्ट सुटल्यावर तशीच आली, कुणाच्या मनगटाला निळा रंग, कुणाच्या नखांत लाल. अमळनेरहून काका-काकू आले. जो येई तो मंगलवहिनीशी दोन शब्द बोले, मग माझ्याकडे वळे आणि डोक्यावर हात ठेवून म्हणे, "भावासाठी विलायत सोडून आलीस बाई. अशी बहीण नशिबानं मिळते."

मी मान हलवत होते. दुसरं काय करणार?

हे तूच सगळ्यांना सांगून ठेवलं होतंस. मिलच्या गेटवर, दाढी करताना न्हाव्याला, जयश्रीच्या शाळेतल्या बाईंना. "इंदूला तिकडे अजून तीन वर्षं शिकायला बोलावत होते, पण माझा हात भाजला म्हणून सगळं टाकून आली." तू सांगायचास आणि मी शेजारी उभी राहून ऐकायचे. जवळजवळ तीन वर्षं ऐकलं. दहाव्याच्या दिवशी मात्र ऐकवेना. तू समोर असताना जे बोलायला हवं होतं, ते आता कागदावर बोलते आहे.

सुरुवात तू केलीस, हे आधी सांगते. तुझ्या मिलमध्ये नवं मशीन बसवायला एक गोरा इंजिनियर आला होता. आठ-दहा दिवस तो तुझ्या कलर रूममध्ये बसून असे. तू डब्यांतून रंगाची पूड काढायचास, वजन करायचास, घोटायचास आणि कापडाचा तुकडा खिडकीशी नेऊन डोळ्यांनी पारखायचास. त्याच्या मशीनवर आकडे यायचे. एकदा त्यानं तुझी शेड मशीनखाली धरली आणि आकडे मूळ नमुन्याशी जुळले. त्यानं विचारलं, कुठं शिकलास? तू दुभाषी सुपरवायझरला म्हणालास, "सांगा त्यांना, आठवी पास, गाव पातोंड्याजवळ." आणि लगेच तूच उलट विचारलंस, "हे साहेब कुठं शिकले?"

त्यानं रंगाच्या खोक्याचा एक तुकडा फाडून त्यावर विद्यापीठाचं नाव लिहून दिलं. तू तो पुठ्ठा घरी आणलास आणि माझ्या पुस्तकावर ठेवलास. मी तेव्हा केमिस्ट्रीत एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते.

"तिकडे रंगाचं कॉलेज आहे," तू म्हणालास. "कापडाला रंग का लागतो, का उडतो, सगळं शिकवतात. तू जायचं."

मी हसले. वहिनी पोळ्या लाटत होती, तीही हसली. "आधी तिच्या लग्नाचं बघा," ती म्हणाली.

"लग्न कुठं पळून जातंय?" तू म्हणालास. "मी रोज रंग लावतो, पण तो का लागतो ते मला ठाऊक नाही. घरात एकाला तरी ठाऊक पाहिजे."

मी जाईन की नाही, हे तू मला विचारलं नाहीस. तेव्हा ते माझ्याही लक्षात आलं नाही. बाबा गेले तेव्हा मी आठ वर्षांची होते. तू त्याच्या आधीच सुरतेला येऊन लागलेला. मला आणि आईला तूच घेऊन आलास, महापालिकेच्या मराठी शाळेत माझं नाव तूच घातलंस, आई गेल्यावर माझी वेणीसुद्धा काही दिवस तूच घातलीस. मी कुठं जायचं हे तू ठरवायचंस, हे आपल्या घरात पाण्यासारखं साधं होतं.

मग वर्षभर आपण अर्ज भरत होतो. मी म्हणते "आपण", कारण माझ्यापेक्षा तू जास्त भरलेस. उधन्याच्या टायपिंग क्लासमध्ये तू एवढ्या वेळा गेलास की तिथल्या बेन तुला पाहून आधीच कागद लावून ठेवत. गुणपत्रिका सीलबंद पाकिटात हव्या होत्या, कॉलेजातले क्लार्क पाकिटं देईनात, तर तू रजा टाकून सकाळपासून त्यांच्या टेबलासमोर बसलास. ते म्हणाले, उद्या या. तू म्हणालास, "उद्याही मला इथंच बसायचंय, मग आजच बसतो." इंग्रजीच्या परीक्षेला मुंबईला गेलो तेव्हा मी आत आणि तू फाटकाबाहेर तीन तास. बाहेर आल्यावर तू विचारलंस, "बोलायचं पण होतं का त्यात?" मी हो म्हटलं. तू म्हणालास, "मग झालं. बोलण्यात तू कुणाला हार जात नाहीस."

प्रवेशाचं पत्र आलं. एक वर्ष डिप्लोमा, तो जमला तर पुढचं वर्ष मास्टर्स. फी त्यांनी माफ केली होती. राहण्या-खाण्याचा खर्च आपला. गावाकडच्या जमिनीतला तुझा हिस्सा तू चुलतभावाला विकून टाकलास. मला सांगितलंस, नाहीतरी कोण कसणार आहे. वहिनी त्या दिवशी जेवली नाही. तिनं मला कधी एका शब्दानंही बोल लावला नाही, पण त्या दिवशी ती जेवली नाही एवढं मला आठवतं.

आणि तो राहण्याचा फॉर्म! एकटीची खोली की दोघींत, जेवणासकट की सेल्फ केटरिंग. तू डिक्शनरी घेऊन बसलास.

"इंदू, हे स्वतःचं केटरिंग म्हणजे? शिकता शिकता खानावळ चालवायची?"

आपलं आपण रांधायचं, एवढाच त्याचा अर्थ; मी पोट धरून हसले. तू अजिबात हसला नाहीस. "चालेल ना मग," म्हणालास. "वहिनीकडून शेवभाजी शिकून घे."

होस्टेल महाग पडत होतं. विद्यापीठानं पाठवलेल्या यादीतून आपण एक घर निवडलं. म्हातारी घरमालकीण, वरच्या मजल्यावर तीन मुलींसाठी तीन खोल्या. तिला पत्र तू सांगितलंस, मी लिहिलं. माझी बहीण स्वच्छ आहे, शांत आहे, वेळेवर झोपते, कुणाला त्रास देत नाही. मी म्हटलं, नाना, हे सोयरिकीचं पत्र नाही. तू म्हणालास, "परक्या बाईच्या घरात माझी बहीण राहणार, तिला कळायला नको?" पंधरा दिवसांनी बाईचं उत्तर आलं. खोली तुमच्यासाठी ठेवली आहे, पडदे नवे लावले आहेत. ते पत्र तू अख्ख्या सोसायटीला वाचून दाखवलंस. पडदे कुठल्या कापडाचे असतील यावर तुझी आणि शेजारच्या पाटीलकाकांची चर्चा झाली.

मग चौऱ्याण्णवचा सप्टेंबर आला. गणपती विसर्जन होऊन दोन-तीन दिवस झाले असतील आणि शहरात प्लेगची बातमी पसरली. मला निघायला पाच दिवस होते. सकाळी आपल्या सोसायटीत माणसं होती, दुपारी कुलपं होती. उधना स्टेशनवर भुसावळकडे जाणाऱ्या गाडीला पाय ठेवायला जागा नव्हती. खानदेशातून पोटासाठी आलेला सगळा पांडेसरा एकाच वेळी गावाकडे निघाला होता, नाकाला रुमाल बांधून. वहिनीला आणि जयश्रीला तू खिडकीतून आत ढकललंस. जयश्री "आत्या, आत्या" म्हणून रडत होती. तुम्हाला सोडून जाणार नाही म्हणत वहिनीनं तुझा सदरा धरून ठेवला होता. तू तिची बोटं एकेक करून सोडवलीस.

तू राहिलास माझ्यासाठी. गावी गेलो तर अडकू, मुंबईला लवकर गेलो तर राहायचं कुठं, असं म्हणून आपण दोघं त्या रिकाम्या सोसायटीत राहिलो. मेडिकलच्या दुकानातून कॅप्सूल आणल्यास, आधी मला दिल्यास, मग स्वतः घेतल्यास. तुझ्या मनात आलं की तिकडे उतरल्यावर तपासतील, तेव्हा निरोगी असल्याचा दाखला जवळ हवा. बहुतेक दवाखाने बंद होते. आपण पायी फिरलो. उधन्याच्या पुढं एका गल्लीत एक म्हातारे गुजराती डॉक्टर खुर्ची टाकून बसलेले सापडले. त्यांनी माझी नाडी पाहिली, छाती तपासली, लेटरहेडवर लिहून सही-शिक्का केला. तू खिशात हात घातलास तर म्हणाले, "रहेवा दो. भणवा जाय छे ने? जा बेटा, सारुं भणजे." राहू द्या, शिकायला चाललीय ना, नीट शीक.

मुंबईत आपला मावसभाऊ दारातूनच म्हणाला, "नाना, राग मानू नको. घरात लहान लेकरू आहे." तू म्हणालास, "बरोबर आहे तुझं," आणि पायरीवर ठेवलेली बॅग पुन्हा उचललीस. तिथून आपण थेट विमानतळावर गेलो. दरवाज्याशी आल्यावर म्हणालास, "कुणी विचारलं तर सुरत सांगू नको. जळगाव सांग."

"खोटं सांगू?"

"खोटं कुठाय त्यात? जन्म तिथलाच ना तुझा?"

"पण राहते सुरतेत."

"इंदू, ऐक माझं. एवढ्या वेळेला ऐक."

मी ऐकलं नाही, नाना. विमानातून उतरल्यावर त्यांनी विचारलं, कुठून आलात, मी सुरत म्हटलं. त्यांनी ताप पाहिला, त्या डॉक्टरांचा कागद पाहिला आणि सोडलं. पुढं बाईंच्या दारात उभी राहिले. बाईंनी दार उघडलं, मला आत घ्यायला हातही पुढं केला. मग विचारलं, तुमचं ते शहर म्हणजे टीव्हीवर दाखवतात तेच का? मी हो म्हणाले. त्यांचा हात मागं गेला. त्या वाईट नव्हत्या. वरती दोन मुली राहायला आलेल्या होत्या, त्यांच्या आयांना काय सांगू, असं म्हणाल्या. त्यांच्याही डोळ्यांत पाणी होतं. मी रस्त्यावरून वर पाहिलं. पडदे खरंच नवे होते, पिवळसर.

विद्यापीठानं मला एका होस्टेलच्या टोकाच्या खोलीत ठेवलं. दहा दिवस एकटी. जेवणाचा ट्रे दाराबाहेर ठेवून, टकटक करून माणूस निघून जायचा. मी दार उघडेपर्यंत तो जिन्यावर पोचलेला असायचा. त्या दहा दिवसांत मी तुला तीन पत्रं लिहिली. घर छान आहे, बाई मायाळू आहेत, खिडकीतून बाग दिसते. पत्ता मात्र विद्यापीठाचा देते, घरी टपाल हरवतं म्हणून, असंही लिहिलं.

तू त्या बाईंसाठी दिवाळीला माझ्या पत्त्यावर साडी पाठवलीस. तुझ्याच मिलमधली, तूच रंगवलेली, जांभळी. ती माझ्या कपाटात दोन वर्षं पडून राहिली.

हे खोटं मी परत आल्यावर तुला सांगितलं होतं. तू दोन दिवस घुम्यासारखा होतास. तिसऱ्या दिवशी जेवताना एकदम विचारलंस, "मग ती साडी कोण नेसलं?" मी आणून दाखवली. वहिनीनं ती घेतली आणि म्हणाली, "आता मी नेसते, तुमची गोरी गेली उडत." किती हसलो आपण. मला वाटलं, आता सगळं सांगून झालं. पण एक राहिलंच होतं आणि ते यापेक्षा मोठं होतं.

प्लेग आठ-पंधरा दिवसांत ओसरला, वहिनी-जयश्री परतल्या. मला होस्टेलातच एक लहानशी खोली मिळाली, तुला वाटलं होतं त्यापेक्षा महाग. मी कँटीनमध्ये ताटं धुवायचं काम धरलं. ते मी तुला लिहिलं नाही. अभ्यास मला आवडला. मनापासून आवडला. धागा रंगाला कसा धरतो, पाण्यात किती सोडतो, सांडपाण्यातून तो परत कसा काढायचा, हे सगळं मी रोज हातानं करत होते. प्रयोगशाळेत उभी असताना मला तुझी खिडकी दिसायची, जिच्याशी तू तुकडा नेऊन पारखायचास.

दुसऱ्या वर्षी, फेब्रुवारीत, माझ्या सरांनी मला बोलावून सांगितलं की पुढच्या संशोधनासाठी जागा आहे, तीन वर्षं, खर्च विद्यापीठ देईल. विचार करून सांग.

मी आठ दिवस विचार केला आणि नाही म्हणून कळवलं.

तुझा हात भाजल्याचं पत्र त्यानंतर दोन महिन्यांनी, एप्रिलमध्ये आलं.

हेच ते, नाना. एवढंच आहे. मी नाही म्हटलं तेव्हा तुझा उजवा हात धडधाकट होता. मशीनचं झाकण उघडायचं होतं, वाफ कोंडलेली होती, हे सगळं व्हायला अजून पाच-सहा आठवडे होते. तुम्ही मला त्याचं पत्रसुद्धा महिनाभर उशिरा पाठवलंत, माझी परीक्षा होती म्हणून. मी तुझ्यासाठी परत आले नाही.

मग का आले, असं तू विचारशील. सांगण्यासारखं मोठं कारण माझ्याकडे नव्हतं, म्हणून तर इतकी वर्षं सांगता आलं नाही. मी तिथं दुःखी नव्हते. पण सकाळी उठल्यावर पहिला विचार यायचा तो तुझा. नानाला काय वाटेल, नानानं पाठवलंय, नानाचा हिस्सा गेलाय, वहिनी जेवली नव्हती. प्रत्येक चांगल्या मार्काखाली तुझं नाव असायचं. मला कुणीतरी पाठवलेली म्हणून राहायचा कंटाळा आला होता. पंचवीस वर्षांची होते आणि एकही गोष्ट अशी नव्हती की जी माझी मीच ठरवली. ती जागा नाकारणं ही पहिली. मला पांडेसऱ्यात यायचं होतं, आपल्या खाडीच्या पाण्याला रोज नवा रंग येतो त्यात काय काय आहे ते काढायचं होतं, आपल्या भाषेत भांडायचं होतं. मला यायचं होतं म्हणून मी आले.

हे तुला काय तोंडानं लिहायचं? तू एवढं करून पाठवलंस आणि मी म्हणू, नाना, मला आता स्वतःच्या मनानं वागायचंय?

आले तेव्हा तुझा हात कोपरापर्यंत गुलाबी आणि आखडलेला होता, बोटं पुरती वळत नव्हती. कलर रूममधून काढून तुला स्टोअरला बसवलं होतं. मी पायाला हात लावायला वाकले तर तू मागं सरकलास. रागावलास की तू अहिराणीत शिरायचास. "काबर उनी तू?" म्हणालास. का आलीस तू?

"शिक्षण संपलं, आले."

"नोकरी का नाही धरली तिकडे? आठे काय शे?" इथं काय आहे?

चार महिने तू माझ्याशी कामापुरतंच बोललास. मी पांडेसऱ्यातच एका टेस्टिंग लॅबमध्ये लागले. मग एके दिवशी सरांचं पत्र घरच्या पत्त्यावर आलं. मी लॅबमध्ये होते. तू ते फोडलंस, जयश्रीला आणि डिक्शनरीला घेऊन बसलास. तुम्ही जागा नाकारलीत याचं वाईट वाटतं, घरच्या अडचणी मिटल्या तर पुन्हा कळवा, असं त्यांनी लिहिलं होतं. घरच्या अडचणी म्हणजे मी त्यांना दिलेलं सभ्य कारण होतं. दुसरं काय सांगणार होते?

मी संध्याकाळी आले तर तू ओट्यावर पत्र घेऊन बसलेला. तुझा राग कुठल्या कुठं गेला होता.

"माझ्या हातापायी सोडलंस ना?" तू विचारलंस.

मी गप्प बसले.

एवढा एक क्षण मला परत हवा आहे. दुसरा कुठलाच नको. तेव्हा तुझ्या डोळ्यांत पाणी होतं आणि चार महिन्यांनी तू माझ्याकडे नीट पाहत होतास. मला वाटलं, आता नाही म्हटलं तर हा पुन्हा तोंड फिरवेल. आणि खरं सांगू, मला बरंही वाटलं. कारण सांगावं लागलं नाही, वर मोठेपणा मिळाला. मी मान खाली घातली, तू माझ्या डोक्यावर तो आखडलेला हात ठेवलास, आणि ते खोटं तिथं कायमचं बसलं.

त्यानंतरचे दिवस चांगले होते, हे कुणी नाकारू नये. रविवारी मी लॅबमधून तुकडे आणायचे आणि तू दाराशी उजेडात बसून सांगायचास, "यात लाल एक चिमूट जास्त पडलाय." मी सोमवारी मशीनवर पाहायचे, आणि बहुतेक वेळा तुझंच खरं निघायचं. चुकलास की तू मशीनला शिव्या द्यायचास. खाडीच्या पाण्याच्या बाटल्या भरायला तू माझ्याबरोबर यायचास, डाव्या हातानं बूच लावायचास. पाण्याच्या रिपोर्टवरून एका मिलच्या मॅनेजरनं मला दम दिला तेव्हा तू स्टोअरचा सदरा घालून त्याच्या केबिनमध्ये गेलास आणि म्हणालास, "ती विलायतेहून शिकून आलीय. तुम्ही कुठून?" तुझं आणि माझं भांडण खूप झालं, पण तुझ्यासारखा माझ्या बाजूनं उभा राहणारा मला पुन्हा मिळायचा नाही.

पण तू मनात काय धरून बसला होतास, ते मला या जूनमध्ये कळलं. जयश्रीची बारावी झाली. तिला वडोदऱ्याला चित्रकलेच्या कॉलेजात जायचंय, होस्टेलवर. तुझे डोळे तिला आलेत, हे तुलाही माहीत होतं. मला वाटलं तू पुठ्ठ्याचा तुकडा नाचवत उठशील. तू नाही म्हणालास. सुरतेतच काय ते शिक, म्हणालास. पोरगी दोन दिवस रडली. मी तुझ्याशी भांडायला आले.

"मला सातासमुद्रापार पाठवलंस आणि हिला अडीच तासांवर नाही?"

तू आखडलेला हात चोळलास. मग म्हणालास, "तुला पाठवलं आणि काय झालं? इकडे मला जरा काही झालं आणि तू तुझं सगळं टाकून आलीस. पोरी दूर गेल्या तरी आपल्याला डोक्यावर घेऊन फिरतात. उद्या मला पुन्हा काही झालं तर हीही येईल अर्ध्यातून. तुझं वाटोळं केलं मी. हिचं नाही करणार."

वाक्य माझ्या जिभेवर होतं. नाना, मी तुझ्यासाठी नाही आले. एवढंच म्हणायचं होतं. वहिनी चहा घेऊन आली. मी म्हटलं, बघू, उद्या बोलू. आणि दुसऱ्या दिवशी बोलले नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. नवव्या दिवशी दुपारी मिलमधून निरोप आला की तुझ्या छातीत दुखायला लागलंय, दवाखान्यात नेलंय. मी पोचले तेव्हा वहिनी बाकावर बसली होती आणि तिच्या मांडीवर तुझ्या चपला होत्या.

दहाव्याची माणसं पांगल्यावर मी वहिनीला आणि जयश्रीला समोर बसवून सगळं सांगितलं. फेब्रुवारी, एप्रिल, ते पत्र, सगळं. मला वाटलं होतं की वहिनी म्हणेल, जाऊ दे, त्यांना ठाऊक असेल. मला ते ऐकायचं होतं. ती तसं म्हणाली नाही. ती म्हणाली, "नव्हतं त्यांना ठाऊक. झोपेत बोलायचे, इंदूचं नुकसान केलं म्हणून."

जयश्री माझ्याकडे पाहत होती. "म्हणजे बाबा उगाच झुरले," ती म्हणाली आणि उठून आत गेली.

तिचं बरोबर आहे. मी तिला समजवायला गेले नाही. तीन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. तुझीच मुलगी. काल सकाळी कॉलेजचा आणि होस्टेलचा फॉर्म घेऊन आली, माझ्यासमोर ठेवला आणि दुसरीकडे बघत म्हणाली, "पालकाची सही लागते. आई म्हणते, आत्यानं करावी, तिला फॉर्म कळतात."

"तू काय म्हणतेस?" मी विचारलं.

"मी जाणार आहे," ती म्हणाली. "पण तिथं नाही आवडलं तर परत येईन. आणि खरं कारण सांगेन. चालेल?"

मी म्हटलं, चालेल. आणि सही केली.

नाना, तू माझं काही वाया घालवलं नाहीस. गावातच वाढले असते, किंवा सुरतेतच राहिले असते, तर परत यायचं की नाही हे मला कुणी विचारलंच नसतं. तू इतक्या दूर नेऊन सोडलंस म्हणून परत येणं माझ्या हातात आलं. मी तुझ्यासाठी आले नव्हते. तुझ्यामुळे मात्र येऊ शकले. हे ऐकून तू आधी चिडला असतास, चार महिने बोलला नसतास. मला ते चाललं असतं.

तुझी,
इंदू